मरणाची कविता वाचून बरं का वाटतं?

वर्तमानपत्रातलं श्रद्धांजलीचं पान उघडलं की फोटोखाली बहुतेक वेळा दोन ओळी असतात. कुठे अभंगाचा चरण, कुठे गझलेचा शेर, कुठे घरच्यांनीच जुळवलेलं यमक. हल्ली कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच दिसतं. माणूस गेलेला असतो, कुणाच्या अंगात त्राण नसतं, आणि तरी घरातलं कुणीतरी कविता शोधत बसलेलं असतं. ती सापडली की रडू आणखी येतं. पण ते रडणं हवंसं असतं.

असं का व्हावं? दुःख नकोसं असतं, तर दुःखाची कविता, नाटक, कथा आपण मुद्दाम का शोधतो? आपल्याकडे या प्रश्नावर जवळपास दोन हजार वर्षं विचार झालेला आहे. त्याला रससिद्धांत म्हणतात. मराठी घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्यांना तो परीक्षेपुरता भेटतो आणि संस्कृत व्याख्यांच्या ओझ्याखाली तिथेच राहून जातो. मला याची फार हळहळ वाटते. साहित्य मरणाशी, प्रेमाशी आणि जगण्याच्या अर्थाशी नेमकं काय करतं, हे इतक्या बारकाईने फार थोड्यांनी पाहिलं आहे.

शोक वेगळा, करुण वेगळा

सगळ्या सिद्धांताची किल्ली एका फरकात आहे. आपल्या घरात माणूस गेल्यावर होतो तो शोक. तो अनुभव आहे, त्यात चव घेण्यासारखं काही नाही. त्याच शोकाची कविता होते तेव्हा वाचणाऱ्याला जे जाणवतं, तो करुण रस. शोक प्रत्येकाच्या मनात वस्तीला असतोच, म्हणून अशा मूळ भावनेला स्थायी भाव म्हणतात. भरतमुनीच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन संस्कृत ग्रंथात असे आठ स्थायी भाव आहेत: रती म्हणजे प्रेम, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, किळस आणि विस्मय. त्यांचे आठ रस.

स्थायी भावाचा रस कसा होतो, हे सांगायला भरतानेच स्वयंपाकघरातला दाखला दिला आहे. आपल्या आमटीचंच बघा. चिंच एकटी खाल्ली तर दात आंबतात, नुसता मसाला तोंडात टाकवत नाही, गूळ नुसताच गोड. एकत्र शिजले की जी चव येते ती यातल्या कुठल्याच एका डब्यात नव्हती. साहित्यात हे जिन्नस तीन प्रकारचे असतात. भावना ज्यामुळे जागी होते ती कारणं, म्हणजे विभाव. ती अंगावर, वागण्यात दिसते ती लक्षणं, म्हणजे अनुभाव. आणि मधेच येऊन जाणाऱ्या चिंता, भ्रम, आशा अशा लहान लाटा, म्हणजे व्यभिचारी भाव. भरताने त्या ३३ मोजल्या आहेत. पारिभाषिक शब्द तूर्त इथे संपले. आता एक कविता घेऊ.

गोविंदाग्रजांची आई

गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी. ‘राजहंस माझा निजला’ ही त्यांची कविता अनेकांच्या आजीला पाठ असायची. नुकतीच विधवा झालेली एक बाई. मांडीवर तिचं मूल आहे. मूल गेलेलं आहे आणि तिला ते मान्यच नाही. माणसं त्याला न्यायला आली आहेत. ती त्यांना सांगते आहे की गलबला करू नका, आत्ताच झोप लागली आहे त्याला, आधीच याला झोप येत नाही, खेळायचाच नाद.

विभाव म्हणजे मांडीवरचं मूल. अनुभाव म्हणजे तिचं लोकांना गप्प करणं. व्यभिचारी भाव म्हणजे तिचा भ्रम आणि त्या भ्रमात डोकावणारी भीती. तिच्या बोलण्यात शोक कुठे आहे? ती तर रोजचंच बोलते आहे, कुठल्याही घरात दुपारी ऐकू येतं तसं. शोक आपल्यात उभा राहतो, कारण तिला ठाऊक नसलेलं आपल्याला ठाऊक आहे. ‘मला फार दुःख झालं’ असं लिहिलेल्या शंभर ओळी वाचून डोळे ओले होत नाहीत आणि ‘गलबला करू नका’ या तीन शब्दांनी होतात, त्याचं कारण हे. रसाचं घर वाचकाच्या मनात आहे. कवी ते घर उघडण्याची व्यवस्था करतो.

खोटं आहे हे ठाऊक असूनही?

लगेच येणारी शंका अशी: ते मूल खरं नाही, ती आई खरी नाही, मग रडायचं कशासाठी?

या शंकेला मराठी रंगभूमीने फार चांगलं उत्तर देऊन ठेवलं आहे. गडकरी १९१९ च्या जानेवारीत गेले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने त्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणलं. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घरातली सिंधू बालगंधर्वांनी उभी केली. समोर पुरुष आहे, हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं. हे गृहस्थ गायक नट आहेत, उद्या दुसऱ्या नाटकात दुसरी नायिका होणार आहेत, हेही माहीत होतं. तरी ठिगळांचं लुगडं नेसलेल्या सिंधूसाठी नाट्यगृह हमसून रडायचं.

काश्मीरमधल्या शंकुक नावाच्या पंडिताने यासाठी चित्रातल्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. चित्रातला घोडा पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो. तो खरा आहे असं आपण समजत नाही, खोटा आहे म्हणून टाकूनही देत नाही. खरं-खोटं या चौकटीबाहेरचं तिसरंच काही तिथे घडतं. त्याच्यानंतरच्या भट्टनायकाने आणखी पुढचं पाऊल टाकलं, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. तो म्हणाला, रंगमंचावरचं दुःख सिंधूचं राहत नाही, नटाचं नसतं आणि माझंही नसतं. त्याच्यावरची नावाची पाटी गळून पडते. यालाच साधारणीकरण म्हणतात. माझं स्वतःचं दुःख मला चिकटलेलं असतं, त्यामुळे मला ते नीट दिसतच नाही. कवितेतलं दुःख कुणाचंच नसल्यामुळे सगळ्यांचं होतं आणि मला त्याच्याकडे बघता येतं. श्रद्धांजलीच्या दोन ओळी शोधणारं माणूस नेमकं हेच करत असतं. आपल्या दुःखाला क्षणभर तरी आपल्यापासून अंतरावर ठेवायचं असतं त्याला.

दुसऱ्याच्या दुःखात सुख घेणं निर्दयपणा नाही का?

हा आक्षेप जुना आणि गंभीर आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याला सरळ उत्तर दिलं: करुण रसातून केवळ दुःखच मिळत असतं तर त्याकडे कुणी फिरकलंच नसतं, रामायण कुणी ऐकलंच नसतं. रसिकांचा अनुभव हाच पुरावा.

पण सगळ्यांना हे पटलं नव्हतं, आणि हे अभ्यासक्रमात सहसा ठसवून सांगितलं जात नाही. बाराव्या शतकात गुजरातेत रामचंद्र आणि गुणचंद्र या दोन जैन आचार्यांनी ‘नाट्यदर्पण’ लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की काही रस सुखाचे असतात आणि काही चक्क दुःखाचे. करुण दुःखच देतो. प्रेक्षक तरी जातो, कारण कवीचं आणि नटाचं कौशल्य त्याला ओढून नेतं.

विसाव्या शतकात लेखक न. चिं. केळकरांनी यावर ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. वाचताना आपण दुसऱ्याच्या जागी जातो, पण आपली जागा पूर्णपणे सोडत नाही. एक पाय तिकडे, एक इकडे. या दुहेरी असण्यातच आनंद आहे. आक्षेपाला उत्तरही यातच मिळतं. सिंधू रडते म्हणून आपण सुखावत नाही. आपल्याला आपल्या एका आयुष्याच्या कुंपणाबाहेर जाता आलं, याचं ते सुख आहे. निर्दय माणूस दुसऱ्याचं दुःख बाहेरून बघतो. वाचक आत जाऊन बघतो.

प्रेम आणि मरण यांच्यामधली रेघ

आता प्रेमाकडे येऊ, कारण इथे भरताने फार सूक्ष्म गोष्ट नोंदवून ठेवली आहे. प्रेमाच्या रसाला शृंगार म्हणतात आणि त्याचे दोन भाग: भेटीचा आणि विरहाचा. विरहातही अश्रू आणि करुणातही अश्रू. उसासे तेच, जागरण तेच. मग फरक काय? भरत म्हणतो, विरहात अपेक्षा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. बस, एवढंच. माणूस परत येण्याची शक्यता जिवंत असेपर्यंत ते प्रेमाचं दुःख. ती शक्यता मेली की मरणाचं.

ही रेघ किती नाजूक आहे हे भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त दाखवलं. आठव्या शतकातला हा नाटककार विदर्भातल्या पद्मपूरचा. करुण हा एकच रस आहे, बाकीचे त्याचीच रूपं, असं त्याचं प्रसिद्ध वचन याच नाटकात येतं. तिसऱ्या अंकात राम कित्येक वर्षांनी पंचवटीच्या परिसरात येतो. सीता गेली अशी त्याची समजूत आहे. जुन्या जागा बघून तो कोसळतो. आणि सीता तिथेच उभी आहे, वरामुळे अदृश्य, सगळं बघते आहे. रामासाठी तो करुण आहे आणि सीतेसाठी विरह. प्रेक्षकाला एकाच वेळी दोन्ही दिसतात.

इंदिरा संतांची कविता वाचताना मला ही रेघ सतत आठवते. पती नारायण संतांबरोबर त्यांचा ‘सहवास’ हा संयुक्त संग्रह १९४० साली आला. १९४६ साली नारायण संत गेले. त्यानंतर ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ हे संग्रह आले. शास्त्राच्या हिशेबाने हा करुण, कारण परतीची आशा नाही. पण कवितेत पाऊस येतो, संध्याकाळ येते, दाराशी चाहूल लागल्यासारखं होतं आणि मन वाट बघत राहतं. वस्तुस्थितीने अपेक्षा संपवलेली आहे, कवितेने संपवलेली नाही. शास्त्राची रेघ मोडण्याचं काम मोठी कविता अशी करते.

बहिणाबाई चौधरींनी हीच जागा पार वेगळ्या वाटेने गाठली. त्या तिशीत विधवा झाल्या. नशिबाची रेघ कपाळावरच्या कुंकवाखाली लपली होती, कुंकू पुसलं आणि ती उघडी पडली, असं त्यांनी म्हटलं आहे. वाट बघणं नाही, चाहूल नाही. जे दिसलं ते सांगितलं.

गीता असताना कविता कशाला?

एक आक्षेप विचारी माणसांकडून येतो. मरण म्हणजे काय हे तत्त्वज्ञानाने सांगितलंच आहे. आत्मा अमर, देह नश्वर. उत्तर हातात असताना साहित्याने तोच विषय पुन्हा कशाला उकरायचा?

याला माझ्याकडे एकच उदाहरण आहे आणि ते मला पुरेसं वाटतं. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या दुसऱ्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात, ‘जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे’. जुनं वस्त्र टाकून नवं नेसावं तसं चैतन्य देह बदलतं. ज्यांच्या आज्ञेने हे सांगितलं ते निवृत्तिनाथ त्यांचे थोरले बंधूही होते आणि गुरूही.

सहा वर्षांनी, १२९६ साली, एकविसाव्या वर्षी ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या गाथेत आहेत. समाधी ही खरं तर शोक करण्याची गोष्टच नव्हे. ती स्वेच्छेने घेतलेली, योग्याची परम अवस्था. हे सगळ्यात चांगलं कुणाला कळत असेल तर ते निवृत्तिनाथांना. आणि अभंगांत निवृत्तिनाथच आवरत नाहीत. तळ्याचा बांध फुटून पाणी बारा वाटांनी धावावं, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ व्हावं, हरिणीविना पाडसांनी दाही दिशा भटकावं, तशी आपली गत झाली असं ते म्हणतात. आईबाप सोडून गेले तेव्हाही असं संकट वाटलं नव्हतं.

त्या आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं होतं, हे ठाऊक असेल तर त्या शेवटच्या वाक्याचं वजन कळतं.

नामदेवांनी तत्त्वज्ञान खोडून काढलेलं नाही. ज्ञानेश्वरीतलं वस्त्र खरंच आहे आणि फुटलेला बांधही खरा. तत्त्वज्ञानाला दोन्हींतलं एक निवडावं लागतं, कारण त्याला विसंगती चालत नाही. साहित्य दोन्ही शेजारी ठेवतं. ज्याने सगळं जाणलं तोही रडला, हे वाचल्यावर ज्याला काहीच कळलेलं नाही अशा माणसाला आपल्या रडण्याची लाज वाटेनाशी होते. माझ्या मते साहित्याचं मरणाविषयीचं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

आणि जगण्याचा अर्थ?

भरताच्या आठ रसांत ‘अर्थ’ शोधणारा रस नव्हता. नववा, शांत रस, नंतर मान्य झाला. तोही भांडून. अनेकांचा विरोध होता: जिथे सगळ्या भावना निवतात तिथे नाटक कसलं? दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमधल्याच अभिनवगुप्त या तत्त्वज्ञाने त्याची बाजू लढवली. माणसाच्या इच्छा अनेक, त्यांतली एक मोक्षाचीही. मग तिला रस का नसावा?

शांत रस म्हणजे ओढ्याकाठी डोळे मिटून बसणं, असा समज असेल तर तुकोबा वाचावेत. ते आपल्या आयुष्याची हकिगत सांगतात त्या अभंगात ही ओळ येते: ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. उपमा नाही, आक्रोश नाही. १६३० च्या आसपास दख्खनेत पडलेला तो दुष्काळ. पैसा, अब्रू आणि बायको, तिन्ही एका दमात सांगून टाकली आहेत. याच माणसाने पुढे म्हटलं, ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य’.

दुसरी ओळ सुटी घेतली तर ती गोड अध्यात्म वाटते, आणि श्रद्धांजलीच्या पानावर बहुतेक वेळा ती सुटीच येते. पहिल्या ओळीशेजारी ठेवली की कळतं, हा सोहळा कुठून आलेला आहे. ‘मी’पण मेलं, त्याचा हा आनंद. पण ते मरण्याआधी दुष्काळ पूर्ण भोगलेला आहे. जगण्याचा अर्थ असा असा, असं तुकोबा कुठे व्याख्या करून सांगत नाहीत. एका माणसाचं पहिल्या ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचं चालणं गाथेत दिसतं आणि त्याच्याबरोबर आपण चालू शकतो. बहिणाबाईंचं ‘अरे जगनं-मरनं एका सासाचं अंतर’ हे त्याच वाटेवरचं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

हे सगळ्यांना लागू पडतं का?

नाही, आणि हा शेवटचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ मध्ये तो स्पष्ट मांडला आहे. अन्यायाने मारलेल्या माणसाची कथा वाचून वाचकाला आनंद झाला, तर काहीतरी चुकलं. तिथे वाचक अस्वस्थ व्हायला हवा.

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्या. भीमा गाव सोडून पोटासाठी मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीत काम करतो. खाण बंद पडते. चितेच्या राखेत त्याला सोन्याचा तुकडा सापडतो आणि मढ्यांच्या अंगावरचं सोनं हाच त्याचा रोजगार होतो. एका रात्री पुरलेलं प्रेत उकरताना कोल्ह्यांशी झुंज होते, बोटं मढ्याच्या जबड्यात अडकतात आणि तो ती गमावतो. मग कळतं की खाण पुन्हा सुरू झाली आहे.

या कथेत मरण आहे, घरच्यांवरचं प्रेम आहे, कशासाठी जगायचं हा प्रश्नही आहे. पण इथल्या दुःखावरची नावाची पाटी गळून पडू नये असं मला वाटतं. भीमाची भूक ‘सगळ्यांची’ झाली की ती कुणाचीच राहत नाही आणि त्याला या रात्री स्मशानात आणणारी व्यवस्था नजरेआड होते. निवृत्तिनाथांचं दुःख मृत्यूने दिलेलं होतं, ते कुणालाही चुकणार नाही. भीमाचं चुकवता आलं असतं.

म्हणून अशा साहित्यापाशी भट्टनायक मला अपुरा वाटतो. रामचंद्र-गुणचंद्र, काही रस दुःखच देतात असं म्हणणारे ते दोघे, जास्त जवळचे वाटतात. पण त्यांचंही कारण इथे पुरं पडत नाही. आपण अण्णा भाऊ वाचतो ते त्यांच्या कौशल्याने भारावून जाण्यापुरतं नव्हे. चुकवता येण्यासारखी किती मरणं आपल्या शहरात रोज होतात, ते कळावं म्हणूनही वाचतो.